डिस्पॅच सर्व्हरचा गुरुवार

चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथं गाड्यांच्या सीटचे लोखंडी सांगाडे तयार होतात. मी मात्र गेल्या सोळा वर्षांत एकाही सांगाड्याला हात लावलेला नाही. ऑर्डरी, स्टॉक, हजेरी, गेटवरून बाहेर पडणारा माल, हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं ते सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. पूर्वी ते पहिल्या मजल्यावरच्या एका गार खोलीत घरघरत असायचे. आत जाताना स्वेटर घालावा लागायचा. नंतर ते सगळं क्लाउडवर गेलं, म्हणजे दुसऱ्या एका कंपनीच्या लांबच्या इमारतीत भाड्यानं घेतलेल्या मशिनींवर. ती इमारत मी पाहिलेली नाही. आमच्या गार खोलीत आता स्टेशनरी आणि दिवाळीच्या आकाशकंदिलांची खोकी असतात.

क्लाउडवर गेलं म्हणजे आपली काळजी मिटली, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं. आमच्या साहेबांनाही. प्रत्यक्षात इमारत त्यांची, वीज त्यांची, मशीन त्यांचं. पण त्या मशीनवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम आपली. तिच्यात भोक निघालं तर ते बुजवायचं आपणच.

त्या मंगळवारी असंच एक भोक निघाल्याची मेल आली. मी थेरगावला राहते. सकाळी डांगे चौकात कंपनीची बस पकडायची आणि तळवड्याला बस अडकली की मोबाइलवर मेल उघडायच्या, हा माझा नेहमीचा क्रम. त्या दिवशी पुढं एक कंटेनर वळताना आडवा झाला होता, त्यामुळं मेल शांतपणे दोनदा वाचून झाली.

ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यात चूक सापडली होती. सर्व्हरवर ज्याचं साधं लॉगिन आहे असा कुणीही माणूस त्या चुकीचा फायदा घेऊन सर्व्हरचा मालक होऊ शकत होता. मालक म्हणजे सगळं वाचणारा, बदलणारा, पुसून टाकणारा. ते कसं करायचं याचा नमुनासुद्धा कुणीतरी उघड करून टाकला होता. चूक दुरुस्त केलेला कर्नेल तयार होता. तो चढवायचा आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढंच काम. चढवणं चालत्या सर्व्हरवर होतं. पण नवा कर्नेल कामाला लागतो तो रीबूट केल्यावरच.

आमचे सर्व्हर एकोणीस. त्यातले अठरा नव्या पद्धतीनं बांधलेले, एकाला एक जोडीदार. एक बंद केला की दुसरा काम ओढतो. बुधवारी दुपारी चहाच्या आत ते अठराही झाले. कारखान्यात कुणाला कळलंसुद्धा नाही.

एकोणिसावा डिस्पॅचचा. माल भरला की गेटपास, बिल, डब्यांवरची लेबलं, सगळं त्याच्यावर निघतं. त्याला जोडीदार नाही. आणि नेमकं त्याच्यावरच बाहेरच्यांना लॉगिन दिलेलं. ट्रान्सपोर्टवाले, छोटे सप्लायर, त्यांची माणसं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त धोका, तोच राहिला होता. किती दिवस बंद न होता चालू आहे ते मी बघितलं. आकडा आला अकराशे बेचाळीस दिवस.

हा सर्व्हर उभा केला होता आमच्या सरांनी. सर म्हणजे माझे पहिले वरिष्ठ, मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरीची सगळी वर्षं इथंच काढलेले. काम कसं करायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. कुठलीही कमांड देण्याआधी ती मोठ्यानं वाचायची, ही सवय त्यांची. सर्व्हर किती दिवस न पडता चालला याचा त्यांना अभिमान होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते शंभर, दोनशे, पाचशे दिवसांना पेन्सिलनं गोल करायचे.

आमच्यात बिनसलं ते क्लाउडच्या वेळी. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल? सर म्हणाले, वर्षभर. मी समोर बसले होते. मी म्हटलं, "सर जुन्या पद्धतीनं विचार करतात. सहा महिन्यांत होईल." वाक्य तोंडातून गेलं आणि सरांनी समोरची डायरी मिटली. पुढं काम त्यांनीच केलं, सात महिन्यांत, एका शब्दानं कुरकूर न करता. आणि मग पाठदुखीचं कारण सांगून वर्षभर आधीच निवृत्ती घेतली. निरोपाला केक कापला, दोन वाक्यं बोलले, आणि कंपनीची बस सुटायच्या आत रिक्षानं निघून गेले. त्यानंतर मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता. करायचं म्हणून ठरवायची आणि राहून जायचं. मग इतके दिवस झाले की काय तोंडानं करायचा, असं वाटायला लागलं.

बुधवारी संध्याकाळी मी डिस्पॅचला गेले. तिथले सुपरवायझर जवळच्याच गावचे. त्यांच्या गावच्या शिवारात आता तीन कारखाने उभे आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणते.

"भाऊ, एक तास सर्व्हर बंद करायला लागेल."

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "तास? ताई, अर्धा तास बंद पडलं तर गेटपासून रस्त्यापोतर गाड्या लागत्यात. आन चाललंय की बरं. त्याला कशाला छेडता?"

"चाललंय, पण त्यात एक भोक आहे."

"कसलं भोक?"

मी जरा विचार केला. "समजा, गेटवर एक माणूस आला. तुम्ही त्याला व्हिजिटर पास दिला, फक्त कँटीनपर्यंतचा. तो कँटीनमागच्या एका दारातनं सरळ प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेला, त्यांच्या खुर्चीत बसला आणि गेटपासवर सह्या करायला लागला. आणि त्याची सही खरी धरली जातेय."

भाऊंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आसं दार हाय त्यात?"

"आहे. आणि ते कुठं आहे हे कालपासून सगळ्या जगाला माहीत झालंय."

"मग आधी सांगायचं की वो!" भाऊ म्हणाले. "उद्या गुरुवार हाय. अकरा ते बारा घ्या. बिलं मी आधीच काढून ठिवतो. दोन-तीन गाड्या असतील, त्या हातानं सोडू."

आमच्या भागात रविवारी सुट्टी फक्त आम्हा ऑफिसवाल्यांना, कारखान्यांना ती गुरुवारी असते. तरी डिस्पॅचला सुट्टी अशी नसतेच. गिऱ्हाइकाच्या कारखान्यातली लाईन चालू असली की माल जावाच लागतो. गुरुवारी मी आले तेव्हा शेडमध्ये अर्धेच दिवे लागले होते आणि प्रेस बंद असल्यानं माणसांचं बोलणं लांबून ऐकू येत होतं. मी मुद्दाम भाऊंच्या टेबलाशेजारीच लॅपटॉप मांडला. घरून करता आलं असतं. पण काही अडलं तर ज्यांचं काम अडणार त्यांच्यासमोर असावं, असं मला वाटतं.

अकरा वाजता मी सर्व्हरच्या डिस्कची एक प्रत घेऊन ठेवली, नवा कर्नेल चढवला, कमांड मोठ्यानं वाचली आणि रीबूट केलं.

बाकीच्या अठरांना तीन-चार मिनिटं लागली होती. इथं पाच झाली, आठ झाली. क्लाउडवर सर्व्हरसमोर जाऊन उभं राहता येत नाही. त्याच्या पडद्याचं चित्र तेवढं मागवता येतं. मी ते मागवलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. एका डिस्कची तो वाट बघत होता. थोड्या वेळानं पुन्हा चित्र मागवलं, तर वाट बघणं सोडून तो दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊन बसला होता आणि मुख्य पासवर्ड मागत होता. तो पासवर्ड आम्ही कधी ठेवलाच नव्हता.

आधी वाटलं, नव्या कर्नेलनंच काहीतरी बिघडवलं. मग जुन्या कर्नेलवर परत नेऊन बघावं असा मोह झाला. पण पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली तेव्हा कळलं, की कर्नेलचा यात काही संबंध नाही. सर्व्हर चालू होताना कुठकुठल्या डिस्क जोडायच्या याची एक यादी असते. त्या यादीत एक अशी डिस्क होती जी आता कुठंच नव्हती. सर्व्हर बंद झालाच नव्हता, म्हणून ती यादी अकराशे बेचाळीस दिवसांत पुन्हा कुणी वाचलीच नव्हती.

ओळ काढून टाकणं अवघड नव्हतं. पण ती डिस्क कशाची, तिच्याविना डिस्पॅचचं काम चालेल का, चुकीची बिलं तर निघणार नाहीत ना, हे मला माहीत नव्हतं. ते माहीत असलेला माणूस एकच होता.

मी दोन मिनिटं फोन हातात धरून बसले.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"सरांना फोन करावा लागेल."

"मग करा की. मानूस भला हाय."

रिंग दोनदाच वाजली.

"सर, मी बोलतेय."

"नाव दिसतं गं फोनवर," सर म्हणाले. आवाज होता तसाच. "बोल."

"डिस्पॅचचा सर्व्हर वर येत नाहीये."

"रीबूट केलास? कर्नेलसाठी?"

"हो."

"वाचलं मी त्याबद्दल. करायलाच हवा होता. पडद्यावर काय दिसतंय? जसंच्या तसं वाच."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि वाचून दाखवलं. डिस्कचा लांबलचक क्रमांक अर्धा झाला असेल, तेवढ्यात ते म्हणाले, "कळलं. ती ओळ माझी आहे. क्लाउडवर आलो तेव्हा जुन्या सर्व्हरची पूर्ण नक्कल मी त्या डिस्कवर ठेवली होती. भरवसा नव्हता ना माझा."

आपली चूक नाही हे कळल्यावर माणसाला जोर येतो. मलाही आला. मी म्हटलं, "सर, ती ओळ अशी लिहायला नको होती. डिस्क नसली तरी पुढं जा, असं त्यात सांगता येतं."

"येतं. सांगायला हवं होतं. चुकलंच माझं. पण डिस्क कुठं गेली?"

मी नोंदी उघडल्या. क्लाउडवर कुणी काय काढलं, काय जोडलं याची नोंद राहते. डिस्क सव्वा वर्षापूर्वी काढलेली होती. वापरात नसलेल्या गोष्टी काढून टाका, अशी मोहीम तेव्हा निघाली होती. वर्षभर या डिस्कवर कुणी काही वाचलं नाही, कुणी काही लिहिलं नाही, असा शेरा. महिनाभर वाट बघून नंतर कायमची पुसलेली. शेऱ्याखाली माझं नाव होतं.

मला ते अजिबात आठवत नव्हतं. अशा वीस-पंचवीस डिस्क मी त्या आठवड्यात काढल्या होत्या. डिस्क काढली, यादीतली ओळ बघितलीच नाही.

"सर," मी म्हटलं, "मीच काढलीय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. भाऊ गेटपासच्या पुस्तकात कार्बन सारखा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बरं," सर म्हणाले. "मग सोपं झालं. त्यातलं आता काहीच लागत नाही. ओळ काढ. कशी काढणार?"

मी सांगितलं. हा सर्व्हर पूर्ण बंद करायचा, त्याची मुख्य डिस्क सोडवायची, दुसऱ्या चालू सर्व्हरला जादाची म्हणून लावायची, तिथून यादी उघडून ओळ काढायची, आणि डिस्क पुन्हा जागेवर आणायची.

"बरोबर. परत जोडताना ती चालू व्हायची डिस्क म्हणूनच जोड. तिथं नाव चुकलं तर पुन्हा हाच गोंधळ. आणि घाई करू नकोस."

"बारा वाजत आलेत सर."

तेव्हा भाऊ फोनकडं वाकून म्हणाले, "नमस्कार साहेब. वाजू द्या बारा. गाड्या कुटं पळून जात न्हाईत."

सर हसले. तीन वर्षांनी त्यांचं हसू ऐकलं मी.

गेटवर तोवर तीन गाड्या लागल्या होत्या. त्यातली एक रांजणगावला जायची होती, तिला थांबून चालणार नव्हतं. भाऊंनी तिचा पास हातानं लिहिला, आधी काढून ठेवलेलं बिल त्याला टाचलं, डब्यांवरची लेबलं एकेक तपासली आणि स्वतः गेटपर्यंत जाऊन गाडी बाहेर काढली. परत येताना माझ्यासाठी चहा घेऊन आले. बाकीचे दोन ड्रायव्हर शेडच्या सावलीत टेकले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "ताई, नेट गेलंय का?" मी हो म्हटलं. तेवढं खोटं त्या दिवशी चालण्यासारखं होतं.

सरांनी फोन ठेवला नव्हता. मी प्रत्येक कमांड मोठ्यानं वाचत होते, ते पलीकडून "हं" म्हणत होते. ओळ पुसली नाही. सरांनी सांगितल्याप्रमाणं पुढं एक खूण टाकून ती नुसती निकामी केली आणि बाजूला कारण लिहिलं. बारा चाळीसला डिस्क जागेवर आली. सर्व्हर चालू केला. पडद्याचं चित्र मागवलं. ओळी भराभरा खाली सरकल्या होत्या आणि सगळ्यात शेवटी लॉगिनची पाटी होती.

नवा कर्नेल लागलाय का ते बघितलं. लागला होता. भाऊंनी एक लेबल काढून बघितलं, प्रिंटर कुरकुरला आणि लेबल बाहेर आलं.

"आलं की!" भाऊ म्हणाले.

"आलं, सर," मी फोनमध्ये सांगितलं.

"बाहेरच्यांची लॉगिन एकदा तपासून घे," ते म्हणाले. "भोक उघडं होतं तेवढ्या वेळात कुणी काही केलं नाही ना, ते बघायला हवं. आणि जेव आता."

दुपारभर मी ते तपासलं. मंगळवारपासून कोण आलं, काय केलं, सगळं वाचून काढलं. वावगं काही नव्हतं. दोन लॉगिन मात्र अशी सापडली की ती माणसं त्या ट्रान्सपोर्ट कंपन्या सोडून कधीच गेली होती. ती बंद केली.

संध्याकाळी साहेबांना मेल लिहिली. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "जुन्या सेटिंगमुळे सर्व्हर चालू होण्यास विलंब झाला." ते खोटं नव्हतं. पण वाचताना मलाच त्यात सरांकडं दाखवलेलं बोट दिसायला लागलं. ते खोडून लिहिलं, की डिस्क मी काढली होती, तेव्हा यादी तपासली नाही, आणि अठरा सर्व्हर नीट झाले म्हणून या सर्व्हरची नक्कल उभी करून आधी तिथं रीबूट करून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "एवढं सगळं लिहायची गरज होती का?" मी म्हटलं, असू दे.

रविवारी मी पुनावळ्याला गेले. सर आता तिथं राहतात, हायवेजवळच्या एका सोसायटीत, नवव्या मजल्यावर. जाताना पेरू घेतले होते. सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, दार उघडलं आणि जणू मी गेल्याच आठवड्यात येऊन गेले होते अशा आवाजात म्हणाल्या, "ये, चप्पल आतच काढ." गॅलरीच्या दाराशी आत बसलो. खाली हायवेवरून ट्रक सरकत होते, पण आवाज दाराच्या काचेबाहेर राहत होता.

बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी म्हटलं, "सर, त्या मीटिंगमध्ये मी तसं बोलायला नको होतं."

सरांनी पेरूची फोड मिठात टेकवली. "ते नाही गं लागलं मला. तू बोललीस त्यात खरं होतं. मला रीबूटची भीतीच वाटायची. दिवस मोजायचो ना, ते कौतुक कमी आणि धास्ती जास्त. एकदा बंद केला आणि परत आलाच नाही तर? म्हणून हात लावायचो नाही."

"मग लागलं काय?"

"निघताना कुणी विचारलं नाही, की सर, कुठं काय ठेवलंय ते सांगून जा. सात महिने मी एका वहीत सगळं लिहीत होतो. कोणती डिस्क कशाची, कोणती ओळ का घातली. शेवटच्या दिवशी ती पिशवीत होती माझ्या. वाटलं, तू मागशील."

मी विचारलं, "वही आहे अजून?"

"कुठली! इथं राहायला येताना रद्दीत गेली," सर म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडं मान वळवून, "हिनं घातली."

"तुम्हीच म्हणालात ना, घाल म्हणून," आतून आवाज आला.

मग मी लॅपटॉप उघडला. सरांना जेवढं आठवत होतं तेवढं ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. काही गोष्टी त्यांना आठवेनात, काही त्यांनी चुकीच्या सांगितल्या. मी तिथल्या तिथं तपासून दुरुस्त केल्या आणि त्यांनी त्या मुकाट्यानं मान्य केल्या. अशा आणखी दोन ओळी निघाल्या, ज्या पुढच्या रीबूटला आम्हाला अडवणार होत्या. जेवायच्या वेळेपर्यंत अकरा पानं झाली.

आता महिन्यातून एक गुरुवार मी ठरवून टाकला आहे. कर्नेलमध्ये नवं काही निघो न निघो, एकोणीसच्या एकोणीस सर्व्हर त्या दिवशी बंद होऊन चालू होतात. डिस्पॅचच्या सर्व्हरची आधी नक्कल उभी करायची, तिच्यावर रीबूट करून बघायचं, मगच खऱ्याला हात लावायचा. भाऊंनी त्यासाठी अकराची वेळ कायमची लिहून घेतली आहे. मध्यंतरी आणखी एक भोक निघालं तेव्हा तो सर्व्हर चार मिनिटांत परत आला. भाऊ शेडमध्ये कुणाशी तरी बोलत होते. त्यांना जाऊन सांगावं लागलं, की झालं.

आणि सर घरी बसून हल्ली अशा बातम्या माझ्याआधी वाचतात. परवा बस तळवड्याच्या अलीकडंच होती तेव्हा त्यांचा फोन आला.

"मेल बघितलीस का? नवीन आलंय एक."

"नाही अजून, सर. बघते."

"साधंच आहे, आपल्याला फारसं लागू नाही. पण बघून घे," ते म्हणाले. "आणि येणार असशील रविवारी तर फणसाची भाजी करतोय आम्ही. सांग म्हणजे तसा चिरायला घेतो."

मी म्हटलं, येते.